असिसीचा रोक्का माज्जोरे: आधी गड, मग गाव

इटलीतल्या असिसीला येणारे बहुतेकजण बसच्या पहिल्याच थांब्यावर, संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकाजवळ (मोठ्या चर्चजवळ) उतरतात आणि दिवसभर चढ चढत राहतात. गावाच्या माथ्यावरचा रोक्का माज्जोरे हा किल्ला बघायचा तोवर पायांत गोळे आलेले असतात. क्रम उलटा करा.

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून थेट प्रादेशिक गाडीने साधारण दोन तास लागतात. थेट गाडी नसेल तर फोलिन्योला बदलावी लागते. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. स्थानक गावात नाही, सुमारे चार किलोमीटर खाली सांता मारिया देल्यी आंजेलीत आहे. तिथून ‘सी’ क्रमांकाची बस. तिकीट स्थानकावरच काढा, बसमध्ये महाग पडतं. थेट गावाच्या वरच्या भागातल्या पियात्सा मात्तेओत्ती या चौकापर्यंत बसून राहा. बराचसा चढ तिथेच वाचतो.

सान रुफिनो कॅथेड्रलजवळून पोर्ता पेर्लिची या वेशीच्या दिशेने निघून किल्ल्याच्या पाट्या बघत पायऱ्यांच्या बोळांतून वर जायचं. पंधरा-वीस मिनिटांचाच चढ, पण खडा. पाऊस पडून गेला असेल तर गुळगुळीत दगडावर पाय सटकतो, त्यामुळे खाचांच्या तळव्याचे बूट हवेत.

आज दिसतो तो किल्ला मूळचा नाही. बाराव्या शतकातला जर्मन सरदारांचा गड 1198 मध्ये गावकऱ्यांनीच पाडला. सम्राट दुसरा फ्रेडरिक लहानपणी त्या जुन्या गडात राहिला होता, असं सांगतात. 1360 च्या दशकात कार्डिनल आल्बोर्नोझने पोपची सत्ता बसवताना किल्ला पुन्हा बांधला. दारापाशी दिसणारा गोल बुरूज तिसऱ्या पोप पॉलच्या काळातला, म्हणजे सोळाव्या शतकातला, तोफा आल्यानंतरचा.

सगळ्यात पाहण्यासारखा भाग म्हणजे बालेकिल्ल्यापासून पश्चिमेच्या बहुकोनी बुरुजाकडे तटाच्या पोटातून जाणारा लांबलचक बोगदा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. उजेड फक्त जंग्यांमधून (मारा करायच्या अरुंद फटींतून) येतो, तेव्हा मोबाइलचा टॉर्च चालू ठेवा आणि पाठपिशवी पुढे घ्या. शेवटी अरुंद चक्री जिना. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी हट्ट करू नये. बोगदा उघडा आहे का, हे तिकीट घेतानाच विचारा; त्याच्याशिवाय तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत. बाहेरच्या माळावरून खोऱ्याचा देखावा फुकटच दिसतो.

बुरुजावर सकाळीच जा. बॅसिलिका पश्चिमेला असल्याने सूर्य पाठीशी राहतो. दुपारनंतर फोटोत नुसती काळी आकृती येते. हिवाळ्यात मात्र सकाळी खोरं धुक्यात असतं, म्हणून थोडं उशिरा. तेव्हा किल्ला लवकर बंदही होतो.

उतरताना गाव पायीच पार करत बॅसिलिकापर्यंत या. आत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून उन्हाळ्यातही एक ओढणी किंवा उपरणं सोबत ठेवा. परतीची बस तिथूनच मिळते.