डीएपीच्या गोणीतली माती

आमचं शेत दहिवडीजवळ. चार एकर, सगळं कोरडवाहू. कसतात आबा, म्हणजे माझे चुलते. मी भांडुपला बसून सल्ले देतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्यातला एक अंगाशी आला. माती तपासायचीच म्हणून मी हौसेने आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले, कडेची माती खरवडली, घमेल्यात कालवली, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत ठेवत अर्ध्या किलोवर आणली. सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि भरली कशात? गोठ्यात पडलेल्या डीएपी खताच्या रिकाम्या गोणीत! तीच एसटीने भांडुपला आणली, गॅलरीत पेपरवर पसरली. मुंबईच्या दमट हवेत ती वाळायला आठवडा गेला. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "कुंड्या भरताय का?"

अहवालात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, 'अत्यंत जास्त'. आमची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) 8.3, तिथे स्फुरद चुन्याशी जखडून बसतं, आधीच्या माती तपासणीच्या पत्रिकेत ते कमीच होतं. फोनवर आबांनी एवढंच विचारलं, "माती भरलीस कशात?" डीएपीत शंभराला 46 भाग स्फुरद. शिवणीत अडकलेले चार दाणेही पुरे झाले.

सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे मातीत कुजलेल्या पाल्याशेणाच्या अंशाचा, आकडा मात्र खरा होता: 0.32 टक्के. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमीच. मी म्हटलं, युरिया वाढवू. पावणेतीनशेच्या आत 45 किलोची गोणी, त्यात जवळपास 21 किलो नत्र (नायट्रोजन). आबा म्हणाले, "वर फेकलास तर उडून जातो. खाली ओल नको?" खरंय. चुनखडीच्या जमिनीवर नुसता विस्कटलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. म्हणून ते दोन चाड्यांच्या पाभरीने, म्हणजे बियाणं आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने, बियाण्याबरोबरच खत ओलीत पेरतात.

पण मूळ दुखणं कडब्याचं. ज्वारीने मातीतून उचललेलं पालाश, म्हणजे पोटॅश, बहुतेक कडब्यातच राहतं, आणि आमचा कडबा दरवर्षी टेम्पोत बसून जातो. ज्वारी मी आणतो भांडुपला. शेतात परत काय येतं? दिवाळीला मी, हात हलवत.

यंदा अर्धा कडबा विकला नाही. बैलं खातील, शेण उकिरड्यात पडेल. पावसाच्या तोंडावर लेंड्यांच्या खतासाठी तीन रात्री शेतात मेंढरंही बसवली, धनगराचे पैसे मी मोबाइलवरून धाडले. लेंड्या वाळून जायच्या आत कुळव घालून मातीत मिसळा, असं सांगायला फोन केला.

"कालच घातला," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.