बाळ सोडून सगळे तयार

हल्ली पहिली संक्रांत आली की बोरन्हाण येतं आणि बोरन्हाणाच्या पाठोपाठ स्टुडिओतला फोटो. माझ्या भाच्याचं बोरन्हाण यंदा झालं. काळं झबलं शिवून आलं, हलव्याचे दागिने आले: मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा आणि कृष्णाच्या हातात द्यायला बासरी. वहिनीने झबल्याला शोभेल अशी साडी काढली. भावाने दाढी कोरून घेतली. आईने फोटोत निदान आपला हात तरी येईल या हिशेबाने पाटल्या घातल्या. ज्याचा फोटो, तो टेबलाखाली बसून बाबाच्या चपलेचा पट्टा चोखत होता.

खरं तर मुलाला फोटोसाठी तयार करायचं म्हणजे फार काही नसतं. झोप झालेली असावी, पोट भरलेलं असावं, अंगाला काही टोचत नसावं. एवढ्यावर घरात कुणाचंच समाधान होत नाही. आमच्याकडे निम्मा वेळ जावळावर गेला. आधी जावळ की आधी फोटो? काकूंचं म्हणणं, डोकं चकाचक केलं की चेहरा उठून दिसतो. आईचं म्हणणं, हे कुरळे केस एकदा गेले की पुन्हा तसेच येतील याची हमी कोण देणार, तेव्हा आधी फोटो. वहिनीला कुणी विचारलं नाही. तिने परस्पर स्टुडिओत फोन करून जावळापूर्वीची तारीख घेऊन टाकली.

भावाला ऑफिस सांभाळून संध्याकाळची वेळ हवी होती. फोटो काढणारी मुलगी फोनवर एवढंच म्हणाली, "तो झोपतो कधी आणि उठतो कधी, ते सांगा." पॅकेजच्या आधी झोपेची चौकशी करणारा फोटोग्राफर मिळाला तर डोळे मिटून पैसे द्यावेत, असं माझं मत झालंय. तिने सकाळची झोप आणि खिमट उरकल्यानंतरची वेळ दिली. झबलं एकदा धुऊन, घरी तासभर घालून बघा, हेही सांगितलं. नव्या कपड्याची खळ आणि गळ्यापाशी टोचणारी जर, या दोन गोष्टी बाळाला रडवायला पुरेशा असतात. आणि हलवा तर काटेरीच. काटा जितका छान तितका हलवा भारी, हे आपल्याला. दहा महिन्यांच्या मानेला त्याचं काय कौतुक? म्हणून आत मलमलचं अंगडं, वर झबलं आणि दागिने अगदी शेवटी, दिवे लावून झाल्यावर.

बासरी त्याने हातात घेतली ती थेट तोंडातच घातली. कृष्णाने वाजवली, याने खाल्ली. हलव्याचे टणक दाणे या वयात घशात अडकू शकतात, म्हणून आम्ही सगळ्या बायका टपून होतो. दोन-तीन फोटोंत त्याच्या ओठांपाशी आईचं बोट आलंय. पाटलीसकट.

आमच्या पिढीच्या घरोघरी एक काळापांढरा फोटो असे. उघडंवाघडं बाळ, पालथं पडलेलं, मान वर. गावातल्या फोटोवाल्याचा त्यात मोठा हिशेब होता. चार-पाच महिन्यांचं मूल मान उचलून धरतं, पण रांगून पळत नाही. त्याहून मोठं असेल तर हातात खोट्या फोनचा रिसीव्हर, नाहीतर बसायला लाकडी घोडा. हात गुंतले की मूल थांबतं. त्याच्याही मागे, १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्या सुमारास, रसायन लावलेल्या ओल्या काचेवर फोटो घेत आणि काही सेकंद कुणी हलून चालत नसे. इंग्लंड-अमेरिकेत तेव्हा आईला डोक्यापासून पायापर्यंत कापडाखाली झाकून खुर्चीसारखं बसवत आणि बाळ तिच्या मांडीवर देत. फोटोत बाळ स्पष्ट, मागे एक संशयास्पद गाठोडं. आता कॅमेऱ्याला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो, बाळ हललं तरी बिघडत नाही. पण ही बातमी घरातल्या मोठ्यांपर्यंत पोचलेली नाही. "हलू नको रे राजा" चालूच.

"हस रे" सुद्धा चालूच. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच लिहून ठेवलंय की ओठ हुकमाने पसरतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खरा आनंद झाल्याशिवाय हलत नाही. बाळाला तर हुकूमच कळत नाही, त्यामुळे ते हसलं तर खरंच हसतं. तीन वर्षांचं झालं की बिघडतं, कारण तोवर आपण त्याला घरी दात दाखवायची तालीम दिलेली असते. ती देऊ नये. पुढे शाळेच्या ओळखपत्रासाठी ओठ मिटायला शिकवावं लागतंच.

स्टुडिओत गेल्यावर ती मुलगी खाली सतरंजीवर बसली आणि भाच्याकडे तिने बराच वेळ पाहिलंच नाही. आठ-दहा महिन्यांच्या मुलाला अनोळखी माणूस लगेच जवळ आलेला खपत नाही. ती आपली लेन्सचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत राहिली. शेवटी हाच रांगत तिच्याकडे गेला. मग तिने आम्हाला बाहेर काढलं, अगदी गोड बोलून. सहा जण सहा दिशांनी "इकडे बघ, इकडे बघ" करत होतो, त्यात बाळाने बघायचं तरी कुठे? फक्त वहिनीला कॅमेऱ्याच्या बरोब्बर मागे उभं केलं.

आईची एकच अट होती. तीट. डाव्या गालावर, चांगली ठसठशीत. मुलगी म्हणाली, "आजी, पायाच्या तळव्याला लावूया का? तिथली दिसत नाही." आई म्हणाली, "दिसायलाच तर लावतात." गालावर लागली.

महिन्याभराने अल्बम आला. डोळे हसरे, जावळ कुरळं, बासरी अर्धी. आणि गाल स्वच्छ. आईने फोनच लावला.

"अगं, माझी तीट कुठे गेली?"

"आजी, सॉफ्टवेअरला डाग वाटला, पुसला गेला."

"मग परत लाव."

तिने लावून पाठवली. उजव्या गालावर. आम्ही सगळे गप्प. आईने चष्मा चढवला, फोटो दूर धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "असू दे. दृष्ट लावणाऱ्याला काय माहीत, कुठल्या गालावर होती ते."