माझा अनुभव: कागदावर कमी झाले, कम्प्युटरवर नाही

"ताई, तुमचं नाव तिकडे दिसून राहिलं ना. तिकडून कमी करून आणा, मग या."

हे वाक्य मी मार्च ते जुलै पाच वेळा ऐकलं. नागपुरातल्या रेशन ऑफिसची खिडकी तीच, खिडकीमागचा माणूस दोनदा बदलला, वाक्य बदललं नाही. तिकडे म्हणजे माझं माहेर, भंडारा जिल्ह्यातलं. आणि कमी करायचं होतं ते मला, आईच्या रेशन कार्डातून.

लग्नाला दहा वर्षं झाली. ह्यांचं नाव महालातल्या घरी मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, रेशन कार्डात, माझं आईच्या कार्डात, आणि पोरांचं कुठेच नाही. एकत्र राहत होतो तोवर कोणाला त्याचं काही पडलं नव्हतं. मागच्या वर्षी वेगळे निघालो, दिघोरीकडे किरायाने खोली घेतली, आणि चार महिन्यांत ह्यांचा पाय मोडला. हे इतवारीत कपड्याचे गठ्ठे पोहोचवायचं काम करायचे. पाय प्लॅस्टरमध्ये असला की गठ्ठे नाहीत, आणि गठ्ठे नाहीत तर पगार नाही. माझं फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवणं, त्यावर घर चाललं. एक दिवस शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमचं कंट्रोल कुठलं?" कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. मी म्हटलं, आमचं कंट्रोलच नाही. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी म्हटलं, आमच्या घराला दारच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आपल्यासारखे लोक 'प्राधान्य कुटुंब' या गटात येतात. माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. अंत्योदयवाल्यांना घरटी ३५ किलो, पण तो गट सगळ्यात गरिबांचा, त्यात आम्ही बसत नव्हतो. प्राधान्यासाठी शहरात वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये. महिन्याला पाच हजारही नाही. एरवी आम्ही त्या आकड्यात मावलो नसतो. ह्यांच्या पायाने आम्हाला मावू दिलं.

उत्पन्नाचा दाखला मी फेब्रुवारीत सेतूतून काढला. पहिली चूक तीच. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो. माझी फाईल एप्रिलमध्ये उघडली तेव्हा तो शिळा झालेला, पुन्हा तलाठी, पुन्हा सेतू. तुमच्यापैकी कोणी जानेवारी-फेब्रुवारीत धावपळ करणार असेल तर आधी बाकीचे कागद जमवा, दाखला शेवटी काढा.

ह्यांचं नाव महालातल्या कार्डातून आठ दिवसांत निघालं. भासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाने, सही केली, मामाजींनी आधार दिलं, झालं. आधार, किरायाची चिठ्ठी, घरमालकाचं लाईट बिल, गॅसचं पुस्तक, पोरांचे जन्मदाखले, सगळं जमलं. नवीन कार्डाचा नमुना १ भरला. खिडकीतल्या माणसाने माझा आधार नंबर टाकला आणि वर लिहिलेलं ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं.

मी म्हटलं, साहेब, मग माझं नाव राहू द्या, ह्यांचं आणि पोरांचं तरी टाका. तर म्हणे, कायद्याने घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई हीच कुटुंबप्रमुख. म्हणजे कार्ड माझ्याच नावाने निघायचं, आणि मीच अडकलेली. बाईला मान दिला तो असा. माझ्यामागे तिघं रांगेत उभे.

आईला फोन केला. मनात धाकधूक होती, कारण नाव काढणं म्हणजे तिकडचे पाच किलो कमी होणं. आधी तीन रुपये किलोने तांदूळ यायचा, नंतर फुकट, आणि दहा वर्षं माझ्या वाट्याचा तो आईच्याच घरी उतरायचा. आईने खाल्ला असं मात्र म्हणू नका. दिवाळीला परत निघाले की त्यातलाच तांदूळ चुंगडीत बांधून ती माझ्या हातात द्यायची. आई म्हणाली, "तुझ्या नावाचं तुझ्याकडंच जाऊन राहिलं ना मा. मग विचारतेस कायले?" आणि लगेच विषय बदलला, गाईचं काहीतरी सांगायला लागली.

गणेशपेठेतून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे हे या सगळ्या प्रकरणातलं एकमेव सुख. एप्रिलचं ऊन, तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये कांदा. तालुक्याच्या पुरवठा शाखेत नाव कमी करायचा नमुना ९ दिला, लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली. तिथल्या बाबूने आईच्या कार्डावर माझ्या नावावर लाल पेनने आडवी रेघ मारली, शिक्का मारला, आणि नाव कमी केल्याचा दाखला हातात ठेवला. अर्ध्या तासात काम. मी इतकी खूष की स्टँडवर उसाचा रस घेतला, एकटीने, बर्फ टाकून.

दुसऱ्या दिवशी नागपुरात खिडकीवर दाखला ठेवला. त्याने हातही लावला नाही. आधार नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली. आईचं कार्ड, त्यात चौथ्या नंबरवर मी.

"दाखला नको ताई. सिस्टीममधून काढा."

"पण हा शिक्का आहे ना."

"शिक्का कागदावर आहे."

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तीन महिने वाचले असते, म्हणून इथे ठळक सांगते. नाव कमी करण्याची कामं दोन आहेत. एक कागदावरचं, ते तुमच्यासमोर होतं. दुसरं कम्प्युटरवरचं, त्यात नोंद करणारा एक आणि मंजुरी देणारा वेगळा, आणि ते तुमच्या पाठीमागे होतं किंवा होत नाही. एक आधार एकाच कार्डात बसतं. जुन्या कार्डातून ते कम्प्युटरवर सुटल्याशिवाय नवीन कार्ड ते घेतच नाही. लाल रेघेला तिथे काही किंमत नाही.

मी तालुक्याला फोन लावायला लागले. मे महिना असा गेला: "टाकलं आहे ताई", "वर गेलं आहे", "साहेब रजेवर आहेत", "सर्व्हर चालू नाही". नागपूरवाले म्हणायचे तिकडून अडलं आहे, तिकडचे म्हणायचे आमच्याकडून झालं आहे, तिकडेच विचारा. दोघांचं तिकडे वेगळं. मधल्या मध्ये मी मशीनवर बसून लोकांच्या साड्यांना फॉल लावते आहे आणि कानाला फोन. एका साडीला फॉल उलटा लागला, तो उसवायचे पैसे कोणाकडे मागू?

त्यातच एक शहाणपणा ऐकला. कोणी म्हणालं, तिकडे ई-केवायसी, म्हणजे अंगठा लावून आधार जुळवणं, करूच नको, नाव आपोआप उडून जाईल. मी ऐकलं आणि तीन आठवडे स्वस्थ बसले. काही उडालं नाही. ज्यांनी सांगितलं त्यांना मी अजून घरी आल्यावर चहा देते, पण साखर कमी टाकते.

ऑफिसच्या बाहेर झाडाखाली एक भाऊ बसतात, ते म्हणाले तीन हजार द्या, आठ दिवसांत कार्ड. मी नाही म्हटलं. तत्त्वासाठी नाही म्हटलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण खरं हे की तीन हजार नव्हते.

जूनमध्ये शेजारच्या पोरीने मोबाईलमध्ये 'मेरा राशन' ॲप टाकून दिलं. आधार नंबर, मग ओटीपी, की तुम्ही कुठल्या कार्डात आहात ते दिसतं. खिडकीवर जायची गरज नाही. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं, मी चौथ्या महिन्यात केलं. मग रोज सकाळी दूध तापायला ठेवलं की ते बघायचं. रोज आईचं कार्ड, रोज मी चौथी. ह्यांना वाटायचं मी व्हॉट्सॲप बघते.

१९६७ वर फोन केला, हा रेशनच्या तक्रारीचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत. दुसरा १८००-२२-४९५०. लागायला वेळ लागला, पण समोरच्या बाईंनी नीट ऐकून तक्रार लिहून घेतली. त्याने काम झालं की नाही मला सांगता येणार नाही. पण तालुक्याच्या बाबूंना "मी १९६७ वर तक्रार केली आहे" असं म्हटल्यावर पहिल्यांदा त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं.

जुलैत पुन्हा एसटी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोवणी चालू, बाया चिखलात वाकलेल्या, आणि मी तांदळासाठी कागद घेऊन बसमध्ये. या वेळी मी तोंडी काही बोलले नाही. कोऱ्या कागदावर अर्ज लिहून नेला होता: अमुक तारखेला नमुना ९ दिला, अमुक तारखेचा दाखला सोबत, तरी ऑनलाइन नाव कमी झालेलं नाही, कारण लेखी कळवावं. दोन प्रती. एकीवर पोच मागितली. लेखी कारण मागितलं की माणसं फाईल उघडतात, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

त्यांनी लॉगिन केलं. माझी नोंद होती. प्रलंबित. कारण: लग्नाचा पुरावा जोडलेला नाही.

झेरॉक्स मी एप्रिलमध्येच दिली होती. ती फाईलमध्ये होती, टाचणीसकट. फक्त स्कॅन करून चढवलेली नव्हती. एप्रिल, मे, जून, अर्धा जुलै, एका स्कॅनसाठी. बाबू काही बोलले नाहीत, मशीनवर कागद ठेवला, झाकण लावलं, दहा मिनिटांत चढवलं. मला ओरडायचं होतं. पण पुढच्या आठवड्यात मंजुरी त्याच खोलीतून यायची होती, म्हणून "धन्यवाद सर" म्हणून निघाले. उसाचा रस नाही घेतला.

सहाव्या दिवशी सकाळी ॲप उघडलं तर कार्डच दिसेना. माझं नाव कुठल्याच कार्डात नाही. दूध उतू गेलं. आयुष्यात कुठेच नसण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढचं भराभर झालं. अर्ज घेतला, चौकशीला एक जण घरी येऊन गेले, ऑगस्टमध्ये कार्ड निघालं. केशरी. आता छापील पुस्तिका मिळत नाही, ऑनलाइन निघतं ते प्रिंट करून प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवायचं. बारा आकडी नंबर वहीत वेगळा लिहून ठेवा.

मी पिशवी घेऊन कंट्रोलमध्ये गेले. दुकानदार म्हणाले, "वहिनी, कार्ड आहे, पण धान्य नाही." कार्ड मिळणं आणि धान्याच्या यादीत येणं वेगळं. केशरी कार्ड असून प्राधान्यात नाव नाही असे कितीतरी आहेत. ह्या यादीला इष्टांक असतो, म्हणजे एवढीच माणसं, आणि तो २०११ च्या जनगणनेवर बांधलेला. त्या जनगणनेच्या वेळी माझं लग्न व्हायचं होतं, पोरं तर नव्हतीच. कोणी मेलं, कोणाचं नाव गळलं, की जागा होते. त्यासाठी वेगळा अर्ज, उत्पन्नाच्या दाखल्यासकट. तो कार्डाच्या अर्जासोबतच द्या, मी नंतर दिला. ऑक्टोबरमध्ये आमची चार नावं यादीत चढली.

आईच्या कार्डावर तोवर तीन माणसं उरली होती. तिने फोनवर सांगितलं, या महिन्यात पंधरा किलो आलं. बस, एवढंच सांगितलं. मी म्हटलं, इकडे वीस येतील. ती म्हणाली, मग बरं झालं.

पहिल्यांदा मशीनवर अंगठा ठेवला तर लागेना. सुईने, कात्रीने माझी बोटं अशी झाली आहेत. दोन्ही अंगठे झाले, तर्जनी झाली, मागची रांग सुस्कारे सोडायला लागली. शेवटी मधल्या बोटावर मशीन बोललं. शिवण, भांडी, विटा असं काम करणाऱ्यांनी हात धुऊन, पुसून जावं. आणि मशीनमधून जी पावती निघते ती मागा, त्यावर किती किलो ते छापलेलं असतं. काटा बघा आणि पावती बघा. दुकानदार रागावत नाही, आमचा तरी नाही रागावला.

एक सांगायचं राहिलं. पिशव्या दोन न्या. मी एकच नेली होती, तांदूळ आणि गहू एकात ओतून घरी आणले आणि रात्री सगळ्यांनी मिळून निवडत बसलो. ह्यांचा पाय अजून पूर्ण वाकत नाही, ते खाटेवरून सूप हलवत होते.