घसा धरणारा चोथा

हिरवा रंग आला! काजूच्या बोंडूच्या चोथ्यावर वाढवलेल्या केशरी बुरशीच्या अर्कात. ही बुरशी लॅकेस नावाचं एन्झाइम बनवते आणि ते असलं की एबीटीएस या पावडरीचं द्रावण हिरवं होतं. तीन आठवडे याच नळ्यांपुढे बसून मी वहीत शून्य लिहीत होतो.

बुरशी गोव्यातल्या फोंड्याकडच्या कुळागरातल्या (बागायतीतल्या) मेलेल्या आंब्याच्या ओंडक्यावरून आणलेली पिक्नोपोरस सँग्विनियस. भाताच्या तणावर (पेंढ्यावर) तिचं काम चोख चाललंय. ३ मिलि मिश्रणात ०.१ मिलि अर्क घातला की ४२० नॅनोमीटरला प्रकाशाच्या शोषणात मिनिटाला ०.२४ची वाढ. ३६,००० हा एबीटीएसच्या रंगाचा शोषण-गुणांक धरून हिशोब केला तर ०.२ युनिट प्रति मिलि. चोथ्यावर तर ती तणापेक्षाही दाट वाढली आणि ग्वायकॉल या लॅकेसने रंगणाऱ्या रसायनाच्या प्लेटवर तांबूस-तपकिरी वलयही सुरेख उमटलं. म्हणजे लॅकेस आहे. मग एबीटीएसमध्ये ते दिसत का नाही?

पहिला संशय एबीटीएसच्या पावडरीवर गेला. ती बाटली मे महिन्याच्या उकाड्यात बर्फाशिवाय माझ्या हातात आली होती. एवढी महाग वस्तू अशी पाठवणाऱ्या दुकानदाराकडून मी पुन्हा काही घेणार नाही. पण तणाच्या अर्कात तीच पावडर झकास हिरवी होत होती. बफर नवा केला, पीएच ४.५ पुन्हा तपासला. अंबाल्याचा माझा जुना कलरीमीटरही (रंगाची गडदता मोजणारं यंत्र) निर्दोष ठरला. आठ फिल्टरांचं ते साधं यंत्र या कामाला पुरतं, नव्या चकचकीत यंत्रांमागे धावू नका. बुरशीला घालायच्या मोरचुदाचा (तांब्याच्या क्षाराचा) डोस वाढवायच्या मी अगदी बेतात होतो, कारण तांब्याने लॅकेस वाढतं हे आपण सगळेच पाहतो. बरं झालं थांबलो.

परवा संध्याकाळी नळ्या धुवायला उचलल्या तर चोथ्याच्या तिन्ही नळ्या हिरव्यागार! मी नेहमी तीन मिनिटं वाचन घेऊन नळी बाजूला ठेवायचो. नवी नळी लावून घड्याळ घेऊन बसलो. अकरा मिनिटं काहीही नाही, मग रंग चढू लागला. उकळून थंड केलेल्या अर्कात तासाभरानेही काही नाही, म्हणजे हे काम एन्झाइमचंच.

मग तणाच्या चांगल्या अर्कात चोथ्याचा उकळलेला अर्क थेंबभर टाकला. हिरवा रंग डोळ्यांदेखत विरला आणि काही मिनिटांनी परत आला. दोन थेंब टाकले तर दुप्पट वेळ लागला. लॅकेस एबीटीएसचं ऑक्सिडीकरण करून रंग तयार करतं आणि चोथ्यातलं काहीतरी तो रंग लगेच परत फिरवतं. ते संपेपर्यंत यंत्राला शून्यच दिसणार. आधी वाटलं, क जीवनसत्त्व. बोंडूत ते भरपूर असतं. पण चोथा मे महिन्यात चार दिवस उन्हात वाळला, मग कुकरमध्ये पाऊण तास शिजला. त्यातून ते कितीसं उरणार?

उत्तर मामांकडे होतं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात त्यांची काजूच्या दारूची भट्टी आहे, चोथा तिथलाच. नीरो, म्हणजे बोंडूचा रस, काढून उरलेला. फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, "अरे, बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो ना, तेच असणार." टॅनिन! लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून घसा धरतो. एन्झाइमही प्रथिनच, तेव्हा ते रंग तर पुसतंच, शिवाय थोडं लॅकेसही अडकवून ठेवत असणार. गंमत म्हणजे १८८३ मध्ये लॅकेस प्रथम सापडलं ते जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात, आणि ते झाड काजूच्याच कुळातलं.

वाइन करणाऱ्या मित्राकडून पीव्हीपीपी, म्हणजे टॅनिन धरून ठेवणारी पूड, मागून आणलं, २ टक्के अर्कात घालून अर्धा तास गार जागी हलवलं, फिरवून गाळलं. थांबा नाही, टप्पा नाही. नळी लावताच रंग! मिनिटाला ०.३१, म्हणजे जवळपास ०.२६ युनिट प्रति मिलि. तणाला मागे टाकलं! ते पान मी वहीत तीन वेळा वाचलं.

पुढे चोथा गरम पाण्याने दोनदा धुऊन मगच बुरशी सोडायची, असा बेत होता. पण आता हे लिहितानाच वाटतंय की धुवायचं कशाला? लॅकेस स्वतःच फिनॉल फोडतं. बुरशीला वेळ दिला तर टॅनिन तीच संपवील. तेव्हा त्याच खेपेतून दर तीन दिवसांनी नमुना काढून रंग यायला किती मिनिटं लागतात ते लिहायचं. ती मिनिटं घटत गेली तर टॅनिन किती उरलं त्याचं मोजमाप फुकटात मिळेल.

पीव्हीपीपी मात्र दरवेळी मागून आणणं परवडणार नाही. काजूचा रस निवळायला साबुदाण्याची पेज घालतात, टॅनिन तिच्याबरोबर खाली बसतं. तीच पेज अर्कात घालून बघायची. पिष्टामुळे अर्क गढूळ राहिला तर ४२०ला घोटाळा होईल, म्हणून पेज घातलेली पण एबीटीएस नसलेली एक नळी शेजारी ठेवीन.

नको असलेली हिरवी बुरशी वाढीच्या दोनच पिशव्यांत शिरली, त्या लगेच बाहेर काढल्या. या पावसात एवढं चालायचंच. उरलेल्या सात पिशव्यांपैकी चार चोथ्याच्या आहेत. रविवारी पहिला नमुना. साबुदाणा आजच भिजत घालतो.