बाईंनी असं शिकवलेलं नव्हतं

सकाळी साडेनऊला फोन. "आमच्या नाचाच्या कार्यक्रमाच्या डिस्क तुम्हीच केल्यात ना?" बाई रागावलेल्या नव्हत्या. त्याहून वाईट, त्या वर्गात शिकवतात त्या आवाजात बोलत होत्या. "गिरकी घेताना मुलींचे हात पुढे जातात, जरा मागे येतात, परत पुढे जातात. मी असं शिकवलेलं नाही."

"बाई, प्लेअर जुना असेल," मी म्हटलं. आमच्या व्हिडिओच्या धंद्यात हे वाक्य तोंडात तयारच असतं.

"तीन घरांतून फोन आलेत. तिघांचे जुने?"

पस्तीस डीव्हीडी होत्या. बर्न करून, वर नाव छापून, पाकिटात घालून दोन दिवसांपूर्वी पोचवलेल्या. आणि खरं सांगायचं तर या कामावर मी जरा खूशच होतो, कारण सेटिंगसाठी यावेळी नीट डोकं लावलं होतं.

कार्यक्रम १०८ मिनिटांचा. आमच्या असिस्टंटचं म्हणणं, "दादा, डीव्हीडीला व्हिडिओ सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत चालतो, तर ९ ठेवू ना." ठेव, पण मावणार कुठे? साध्या डिस्कवर ४.७ जीबी, म्हणजे ३७,६०० मेगाबिट. त्याला ६,४८० सेकंदांनी भागलं की सेकंदाला ५.८ येतात. आवाज, मेनू, सगळं त्यातच. आवाज न दाबता पीसीएम ठेवला तर तो एकटाच १.५ मेगाबिट खातो, पाव भाकरी त्यातच गेली. म्हणून आवाज दाबून, डॉल्बी डिजिटलमध्ये, २५६ किलोबिट. हॉलमध्ये स्पीकरसमोर माईक धरून घेतलेला आवाज तो, पीसीएमने त्याचं काय सोनं होणार होतं! चित्रासाठी सरासरी ५.२ धरले, थोडी जागा मोकळी सोडली. दोन थरांची, साडेआठ जीबीची डिस्क घेता आली असती, पण घरी बर्न केलेल्या तसल्या डिस्कवर बरेच प्लेअर अडतात. नकोच ते.

खरा प्रश्न शेवटच्या नाचाचा होता. वरून चमकीचे कागद पडतात, मागे दिवे रंग बदलतात आणि बावीस मुली एकदम फिरतात. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, एका फ्रेमवरून पुढची ताडतो, काय हललं तेवढंच लिहितो. इथे सगळंच हलतंय, लिहायचं काय आणि सोडायचं काय? एकसारखा बिटरेट, म्हणजे प्रत्येक सेकंदाला सारखेच बिट, दिला की असल्या जागी चित्राचे चौकोनी ठोकळे होतात, आणि निवेदक नुसता उभा राहून बोलतो तिथे बिट वाया जातात. म्हणून व्हेरिएबल, म्हणजे गरजेप्रमाणे कमीजास्त होणारा बिटरेट, दोन पासांत. पहिल्या पासात एन्कोडर नुसतं बघून घेतो, दुसऱ्यात वाटणी करतो. वरची मर्यादा मुद्दाम ८ वर ठेवली, कारण बर्न केलेली डिस्क वाचताना जुना प्लेअर ९ च्या पुढे धापा टाकतो. रात्रभर मशीन चाललं. सकाळी कॉम्प्युटरवर लावून बघितलं, चमकी अगदी दाण्यादाण्याने दिसत होती.

कॉम्प्युटरवर बघितलं. इथेच फसलो.

बाईंच्या फोननंतर असिस्टंटने कपाटामागचा जुना ट्यूबचा टीव्ही ओढून काढला, डीव्हीडी प्लेअर जोडला. पहिली गिरकी आली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. मुली थंडीने कुडकुडत नाचताहेत असं वाटत होतं. निवेदक आला की चित्र एकदम शांत. कुणी हललं की थरथर.

आमचं फूटेज १०८०/५०आय. म्हणजे कॅमेरा सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रं घेत नाही, पन्नास अर्धी घेतो: एकदा एक आड एक रेघा, पुढच्या क्षणी मधल्या राहिलेल्या रेघा. अशा एका अर्ध्याला फील्ड म्हणतात, दोन अर्धी मिळून एक फ्रेम. यात आधी कुठलं अर्धं, हे प्लेअरला सांगावं लागतं. एचडीत वरच्या रेघेपासून सुरू होणारं अर्धं आधीचं असतं, अप्पर फील्ड फर्स्ट. मिनीडीव्ही कॅसेटच्या काळात उलटं होतं, तिथे लोअर आधी.

मी काय केलं होतं? आमचं मशीन कॅमेऱ्याच्या एमटीएस फायली टाइमलाइनवर धड पळवत नाही, म्हणून त्या आधी हलक्या फॉरमॅटमध्ये उतरवून घेतल्या. त्यासाठी कॅसेटच्या काळात मीच बनवून ठेवलेला प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, उघडला, फ्रेमचा आकार बदलून १९२० बाय १०८० केला, कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, बदलला, आणि खाली कोपऱ्यातली एक ओळ बघितलीच नाही. लोअर फील्ड फर्स्ट. चित्र जसंच्या तसं होतं, लेबल चुकलं होतं. पुढे डीव्हीडीच्या ५७६ रेघांवर आणताना सॉफ्टवेअरने त्या लेबलावर विश्वास ठेवला, डिस्कवर तेच लिहिलं, आणि प्लेअरने इमानदारीत आधीचं नंतर आणि नंतरचं आधी दाखवलं.

खात्री करायला मी एका मुलीच्या हातातली लाल रिबन धरली. ती मागच्या पांढऱ्या खांबासमोरून डावीकडून उजवीकडे जाते. फील्ड सुटी करून एकेक पुढे नेली. पहिल्यात रिबन खांबाच्या मधोमध. दुसऱ्यात खांबाच्या डाव्या कडेला, म्हणजे मागे आली. तिसऱ्यात खांब ओलांडून बरीच पुढे. चौथ्यात पुन्हा खांबाच्या उजव्या कडेला टेकलेली. दोन, एक, चार, तीन. बाईंनी फोनवर सांगितलं होतं तेच, शब्द न् शब्द. त्यांना फील्ड म्हणजे काय हे ठाऊक असायचं कारण नाही, पण सेकंदाच्या पन्नासाव्या भागात हात मागे आलेला त्यांच्या डोळ्यांनी पकडला.

मग कॉम्प्युटरवर का नाही दिसलं? तिथलं प्लेअर सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधलं एक अर्धं सरळ टाकून देत होतं आणि उरलेलं ताणून दाखवत होतं. जोडीतलं एकच दाखवायचं म्हटल्यावर क्रम उलटा असो की सुलटा, हालचाल सरळच दिसणार.

दुरुस्ती अगदी दीड मिनिटाची. सगळ्या क्लिप निवडल्या, अप्पर केल्या, टाइमलाइनही अप्पर, बाहेर पडणारी फाइलही अप्पर. नंतरचे दोन पास, मेनू आणि पस्तीस डिस्क मात्र दीड मिनिटात होत नाहीत. सगळ्या चार एक्सच्या वेगानेच बर्न केल्या, घाई करून आणखी एक फोन ओढवून घ्यायची इच्छा नव्हती.

बाईंच्या संस्थेसाठीची एक ब्लू-रे अजून व्हायची होती, ती वाचली. तिथे जागेची चणचण नाही, २५ जीबीत १०८ मिनिटं म्हणजे सेकंदाला तीस मेगाबिटला जागा आहे. मी एच.२६४ कोडेक, २५ मेगाबिट ठेवले. मूळ फूटेजच २४ मेगाबिटचं, जास्त देऊन त्यात नसलेलं काही येत नाही. असिस्टंट म्हणाला, "दादा, तिथे १०८०/५०पी करून टाकू, सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं, अर्ध्या चित्रांची कटकटच मिटेल." पण ब्लू-रेच्या नियमात तेच बसत नाही. १०८० हवं तर ५०आय, ५०पी हवं तर ७२०. कॅमेऱ्याने जे दिलंय तेच ठेवलं, ५०आय. लेबल मात्र दोघांनी मिळून वाचलं, मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन स्वतः गेलो. बाईंनी पाकीट फोडलं, डिस्क लावली, थेट शेवटच्या नाचावर गेल्या आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. गिरकी आली. रिबन खांबासमोरून सरळ निघून गेली. बाईंनी मागे घेऊन पुन्हा पाहिलं, मग पुन्हा. चौथ्यांदा पॉज केलं.

मी श्वास धरून उभा.

"ही दुसऱ्या रांगेतली," त्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हिचा डावा हात पडलाय. मला वाटत होतं तुमच्याच थरथरीमुळे तसं दिसतंय." मग वही ओढून त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, "बाकीच्या चौतीस कुठे आहेत?"