मी फक्त उत्तर देत गेले

नोव्हेंबर सरत आला की सावंतवाडीहून, बेळगावहून, खानापूरकडून माणसं गोव्याच्या दिशेने चालू लागतात. तीन डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, असतं. त्याआधी, चोवीस तारखेपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. आमच्या भागात त्याला नावाने कोणी संबोधत नाही. तो ‘गोंयचो सायब’. ख्रिस्ती घरात जन्म घ्यायला पाहिजे असंही नाही; पेडण्यातल्या, बांद्यातल्या कितीतरी हिंदू घरांतून सायबाला नवस बोलले जातात आणि फेडलेही जातात.

आम्ही याला पदयात्रा म्हणतो. शेजारचे काका पक्के माळकरी, पंढरपूर कधी चुकवलं नाही. त्यांच्या लेखी ही वारीच. मी जाणार हे कळल्यावर कुंपणाशी येऊन म्हणाले, “वारीक चल्लंस मगे? नवी व्हाणा घालू नको हां. पायाक सवय नाय ती.” पुढे खोबरेल तेल, दोन जोड मोजे, रात्री पाय उशीवर, अशी सगळी तालीम त्यांनीच दिली. आमच्या चर्चमध्ये एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

मात्र मी काही भक्तीने ओथंबून निघाले नव्हते. माझा धाकटा भाऊ बोटीवर कामाला होता. सुट्टीवर आला की प्यायचा, मग सुट्टी नसतानाही प्यायला लागला आणि बोट गेली. आई होती तोवर आई आणि मी, नंतर एकटी मी, त्याच्यासाठी रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हणत आलो. आणि त्याने सोडली. खरोखर सोडली. वर्षभर थेंब घेतला नाही, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायला लागला, परड्यात मिरच्या लावल्या. मग यकृताने हात टेकले आणि गेला.

तो पीत असताना गेला असता तर मी रडले असते आणि सावरले असते. सोडल्यावर गेला, हे माझ्या घशाखाली उतरेना. सांत्वनाला येणारे म्हणत, “देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.” त्या वेळी मला समोरचा मेणबत्तीचा स्टँड उचलावासा वाटे. बाहेरून काही बदललं नव्हतं. रविवारी कोयरमध्ये गात होते, वेदीवरची फुलं लावत होते. घरी मात्र खुरसापुढे, क्रूसापुढे, बसले की तोंड उघडेना. रागही नव्हता धड. नुसतं कोरडं. झोप उडाली तेव्हा डॉक्टरकडे गेले, काही महिने गोळ्या घेतल्या, त्यांचा उपयोग झाला. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्यात अजून पुष्कळ लोक डिप्रेशनवर नोव्हेनाच सुचवतात. गोळ्यांनी झोप आली, भूक लागली. प्रार्थना तेवढी आली नाही.

निघालो ते सावंतवाडीच्या मिलाग्रीस कॅथेड्रलमधली पहाटेची मिस्सा आटोपून. सिंधुदुर्गचा वेगळा धर्मप्रांत २००५ साली झाला, तेव्हापासून हे आमचं मुख्य चर्च. पुढे टेम्पो, त्यावर झेंडूने मढवलेली सायबाची तसबीर आणि एक कर्णा. मागे आम्ही. लहान पोरं, कॉलेजातली मुलं, निवृत्त मास्तर, आणि पायात स्लीपर घालून ताठ चालणाऱ्या दोन-तीन आज्या. जुन्या गोव्यापर्यंत साठ-सत्तर किलोमीटर भरतात. मोती तलावावर धुकं होतं, कापणी झालेल्या कुणग्यांत गवताच्या उडव्या उभ्या होत्या.

तेर्स इन्सुलीच्या घाटाआधीच सुरू झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एका तेर्सात मरियेची प्रार्थना त्रेपन्न वेळा येते आणि ती दोन तुकड्यांत म्हणतात. एकजण पहिला अर्धा भाग म्हणतो, ‘नमान मारये, कुर्पेन भरलेले’. बाकीचे सगळे दुसऱ्या अर्ध्याने उत्तर देतात, ‘भागेवंत मारये, देवाचे माये’, आम्हां पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. म्हणजे देवदूताची वंदना पुढच्याच्या वाट्याला, आणि पापी, मरण, विनंती हे सगळं मागच्यांच्या वाट्याला. दर दहा मण्यांनी, म्हणजे एका दशकानंतर, माईक दुसऱ्याच्या हाती जातो.

दर दशकाला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा, त्याला रहस्य म्हणतात. शुक्रवार होता, म्हणून दुःखाची रहस्यं. त्यांतलं पहिलंच गेथशेमने बागेचं. येशू रात्री जमिनीवर पडून म्हणतो, हा प्याला माझ्यापासून टळू दे. टळत नाही. बरोबरचे मित्र झोपलेले. नेमक्या त्या दशकाला माईक माझ्या हातात आला. मी तो तसाच पुढे सरकवला. कोणाच्या लक्षात आलं नसेल असं वाटलं, पण माझ्या डाव्या अंगाला चालणाऱ्या आजीने पाहिलं होतं. थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, म्हणाली, “बाय, तुका सुरू करूक येयना तर करू नको. आमी करतंव. तू फकत उत्तर दी.”

तेवढं जमण्यासारखं होतं.

घाट तसा मोठा नाही, पण चढणीवर श्वास पुरवून बोलावं लागतं. चार पावलांत अर्धी ओळ, चार पावलांत उरलेली. बांद्याला तेरेखोलच्या पुलावर आलो तोवर शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं. पुढून आवाज यायचा आणि माझं तोंड आपोआप उघडायचं. यात ‘भाव’ किती होता विचाराल तर शून्य. शेजारचे काका सांगतात, वारीतही पहिले काही दिवस अभंग पायच म्हणतात. मला हे पटलं. माणूस मनाने कोसळलेला असताना त्याला ‘मनापासून प्रार्थना कर’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणणं. त्याला धरून उभं करायला बाहेरचं काहीतरी लागतं. आमच्या धर्मात ती सोय आहे, आणि ती इतकी जुनी, इतकी रोजची आहे की आम्हीच तिला यांत्रिक म्हणून नाकं मुरडतो.

पत्रादेवीला दुपार झाली. १५ ऑगस्ट १९५५ला पोर्तुगीजांच्या गोळ्या खाल्लेल्या सत्याग्रहींचं हुतात्मा स्मारक तिथे आहे. आमचे फादर दरवर्षी तिथे दोन मिनिटं उभे राहायला लावतात. मला ते आवडतं. पोर्तुगीजांनी आणलेल्या धर्माची माणसं पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी मेलेल्यांसाठी मान खाली घालतात, यात कोकणात कोणाला विसंगती दिसत नाही.

रात्रीचा मुक्काम गोव्याच्या हद्दीतल्या एका कपेलाच्या, छोट्या चर्चच्या, हॉलमध्ये. गावातल्या बायकांनी सोरक, म्हणजे नारळाची तिखट आमटी, आणि उकड्या तांदळाचा भात केला होता. माझ्या उजव्या टाचेला आवळ्याएवढा फोड. नर्सिंग शिकणारी एक पोर आली, सुई मेणबत्तीवर धरली, डेटॉलने पुसली, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेतून घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढली. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं बोटभर सोडून कापली. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब गळत राहिलं, कातडी मात्र जागेवर राहिली. “आंटी, कातडी सोलायची नाही हां. खालची नवी तयार होईपर्यंत तीच झाकण.” वीस वर्षांची असेल नसेल.

फादर कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या टबात मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. मी जाऊन बसले आणि पहिल्यांदाच कोणालातरी सांगितलं की मला प्रार्थना येत नाही. त्यांनी उपदेश केला नाही. बहुधा दमलेही होते. म्हणाले, “स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं वाचलंयस?” मोबाईलवर काढून माझ्या हातात दिलं. बायबलात दीडशे स्तोत्रं. त्यांत रडगाणी पुष्कळ, पण बहुतेक शेवटी कुठेतरी सावरतात, देवाचं उपकारस्मरण करतात. हे सावरत नाही. रात्रंदिवस हाक मारली, तू तोंड का लपवतोस, असं म्हणत म्हणत ते अंधारावरच संपतं. फादर म्हणाले, “हे ज्यांनी जुळवलं त्यांना ते काढून टाकता आलं असतं. नाही काढलं. हीही प्रार्थनाच धरली.” मग मदर तेरेसांचं सांगितलं. त्यांची खासगी पत्रं २००७मध्ये, त्यांच्या पश्चात, लोकांपुढे आली आणि कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता. काम चालू होतं, मिस्सा चालू होती, आत काळोख.

मला कोरडेपणाचं कौतुक करणारे लोक आवडत नाहीत. दुःखाने माणूस उजळतो वगैरे मी मानत नाही. माझ्या भावाच्या आजाराने कोणी उजळलं नाही. पण त्या रात्री एवढं कळलं की मी धर्माच्या बाहेर फेकली गेले नव्हते. मी उभी होते ती जागाही त्याच घराच्या आतली होती, फक्त तिथे दिवा नव्हता.

दुसऱ्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. कोलवाळचा पूल, उन्हाचा चटका, मग म्हापसा. तिथल्या चर्चमध्येही मिलाग्रीस सायबीणच, म्हणजे मरियाच. ती आणि शिरगावची लईराई या बहिणी, असं बार्देशात मानतात आणि फेस्ताला हिंदू तिला तेल वाहतात. आमच्या घरात सांगतात की आमचे पूर्वज बार्देशातूनच वर सावंतवाडीच्या मुलखात आले. म्हणजे आम्ही एका अर्थी उलटं चालत होतो. पर्वरीत धूळ, हॉर्न, ट्रकवाल्यांच्या शिव्या. तेर्स तिथे कर्ण्यावरूनही ऐकू येईना, तरी आज्या ओठ हलवत होत्या.

मांडवी ओलांडून पणजीहून रायबंदरकडे वळलो, की तीनेक किलोमीटरचा जुना बांध लागतो. १६३३-३४मध्ये लिन्यारिशच्या काउंटने, तेव्हाच्या व्हाइसरॉयने बांधलेला. एका बाजूला मिठागरं, एका बाजूला नदी. तिथे फादरांनी सायबाची गोष्ट सांगितली, आणि शाळेत शिकलेली नव्हे. सायबाला युरोपातून पत्र यायला वर्ष-वर्ष लागे. आलेल्या पत्रांतून तो आपल्या सोबत्यांच्या सह्या कापून घ्यायचा आणि एका पुरचुंडीत घालून छातीशी बाळगायचा. समुद्रापार एकटा पडलेला माणूस दुसऱ्यांची नावं अंगावर घेऊन फिरत होता. आणि शेवट? चीनला जायचं म्हणून सांच्यान बेटापर्यंत पोचला. मुख्य भूमी समोर दिसत होती. पलीकडे न्यायचं कबूल केलेला व्यापारी आलाच नाही. ताप चढला, आणि ३ डिसेंबर १५५२ला झोपडीत गेला. जवळ होता तो आंतोनियो नावाचा चिनी ख्रिस्ती सेवक. ज्या दिवशी त्याचं मोठं काम फसलं, त्याच दिवसाचं फेस्त आम्ही साजरं करतो. त्याचा देह १५५४मध्ये गोव्यात आला.

सायबाबद्दल सगळंच गोड नाही, हेही लिहायला हवं. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, धाडा असं पत्र त्याने पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. ते गोव्यात १५६०मध्ये आलं, त्याच्या मृत्यूनंतर, आणि त्या न्यायालयाने काय केलं ते गोव्या-कोकणात सर्वांना ठाऊक आहे. संत म्हणजे चुका न केलेला माणूस, असं मानून मी चालत नव्हते. पण सह्यांच्या त्या पुरचुंडीपाशी मी अडकले. कारण गेले दोन दिवस मीही तेच करत होते. दुसऱ्यांच्या आवाजावर तगत होते.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा गिलावा काढून टाकलेला आहे. बाहेरून लालभडक जांभा उघडा, आमच्या परड्याच्या गडग्याचाच दगड. आत रांग लांबलचक. सायबाचा देह ठेवलेली चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३७च्या सुमारास घडवली. ती उंच संगमरवरी चौथऱ्यावर आहे. चौथरा टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला. खालून मान वर करून बघायची, तेवढ्यात मागचा ढकलतो. मी काही मागितलं नाही. भावाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आणि पुढे सरकले. अश्रू वगैरे आले नाहीत. पेडण्याकडची एक बाई मांडीवरच्या पोराचा हात पेटीच्या दिशेने जोडून दाखवत होती, तिच्याकडे मी जास्त वेळ बघत राहिले.

फेस्ताची मिस्सा बाहेर मांडवात झाली. मग फेरीत फिरलो. खाजं, चणे, फुटाणे. आजीने खाज्यावरून विक्रेत्याशी एवढी घासाघीस केली की मला लाज वाटली. परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली, पिशवीतून मणी काढले आणि माझ्यापुढे धरले. “करतंस सुरू?”

मी म्हटलं, “अजून नाही, आजी.”

“बरां,” म्हणाली, आणि स्वतःच सुरू केलं. मी उत्तर देत गेले. बांद्याच्या आसपास डोळा लागला असावा. इन्सुलीला गाडी वळणावर कलली तेव्हा जागी झाले, तर शेवटचं दशक चालू होतं आणि मागच्या बाकावरची पोरंही त्यात सामील झाली होती.