मार्कडाउनचं टेबल आणि एका उभ्या रेघेत गेलेल्या तीन संध्याकाळी

आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या किल्ल्यांच्या नोंदी आधी एक्सेलमध्ये होत्या, मग कुणाकडे जुनी कॉपी कुणाकडे नवी असं व्हायला लागलं म्हणून सगळं मार्कडाउनमध्ये (साध्या टेक्स्टमध्येच खुणा टाकून मांडणी करायची पद्धत) हलवायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. एडिटर व्हिज्युअल आहे, बटण दाबा, किती ओळी किती कॉलम ते निवडा, चौकटी तयार. एक्सेलमधून सिलेक्ट करून पेस्ट केलं तर सगळं जागच्या जागी बसलं, पाऊण तासात काम झालं.

नंतर एका ट्रेकहून परतताना एसटीत बसल्या बसल्या फोनवर तीन नवीन ओळी टाकल्या. फोनवर चौकटी दिसत नाहीत, साधा टेक्स्ट दिसतो, पण म्हटलं वरच्या ओळीसारखीच ओळ लिहायची आहे, मधे मधे उभी रेघ द्यायची, झालं. घरी लॅपटॉपवर उघडलं तर तिन्ही ओळी पहिल्याच चौकटीत कोंबलेल्या. "। साल्हेर । नाशिक । १५६७ ।" हे सगळं एका खणात आणि बाकीचे खण रिकामे!

एरर नाही, लाल रेघ नाही, काही नाही. पहिल्या संध्याकाळी मी स्पेस मोजत बसलो, वाटलं रेघा एकाखाली एक येत नाहीत म्हणून होतंय. (देवनागरीत त्या येतच नाहीत, काना-मात्रा-जोडाक्षरांमुळे रुंदी कमीजास्त होते, आणि मार्कडाउनला त्याने काही फरकही पडत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.) दुसऱ्या संध्याकाळी एडिटर काढून परत टाकला. तिसऱ्या दिवशी त्या ओळी कट करून नव्या फाइलमध्ये पेस्ट केल्या, तिथेही तेच. वरची ओळ आणि खालची ओळ डोळ्यांना अगदी सारखी दिसते, मग एक चालते आणि दुसरी का नाही, खरंच डोकं फिरलं होतं.

भाची आली होती, ती म्हणाली, "मामा, त्या रेघेवर सर्च मारून बघ ना." वरच्या ओळीतली रेघ कॉपी करून कंट्रोल एफ मध्ये टाकली, तर वरच्या सगळ्या ओळींतल्या रेघा पिवळ्या झाल्या आणि माझ्या तीन ओळी कोऱ्याच. तेव्हा कळलं. मी फोनच्या मराठी की-बोर्डवरून टाकला होता तो दंड, अभंगात चरणाच्या शेवटी येतो तो. मार्कडाउनला लागतो इंग्रजी की-बोर्डवरचा पाइप. दिसायला सख्खे भाऊ, कॉम्प्युटरला वेगळी अक्षरं. कॉम्प्युटरच्या मराठी इनस्क्रिप्ट की-बोर्डवर तर पाइपच्या किल्लीवर शिफ्ट दाबलं की ऑ उमटतो, म्हणजे पाइपसाठी भाषा बदलावीच लागते. मराठीत टेबल करणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी तपासा, मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. फाइंड-रिप्लेसने दहा सेकंदात दुरुस्त झालं, इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

मार्कडाउनचं टेबल वेगवेगळ्या ॲपमध्ये वेगळं वागतं, का तर २००४ साली जॉन ग्रुबरने मार्कडाउन आणलं तेव्हा त्यात टेबल नव्हतंच, नंतर इतरांनी जोडलं. गिटहब (प्रोग्रॅमर लोक कोड ठेवतात ती साइट) च्या नियमात शीर्षकाच्या ओळीत जितके खण तितकेच तिच्या खाली जी नुसत्या डॅशची ओळ द्यावी लागते तिच्यात लागतात, एक कमी-जास्त झाला तर अख्खं टेबल बनत नाही. म्हणून कॉलम वाढवायचा तर व्हिज्युअल मोडमध्येच वाढवा. आणि हो, फोन कधीकधी दोन डॅश जोडून एक लांब डॅश करतो, तोही चालत नाही.

उंचीच्या कॉलममधले आकडे उजव्या कडेला लावा, त्या कॉलमच्या डॅशच्या शेवटी कोलन दिला की होतं, म्हणजे तोरण्याचे १४०३ आणि रायगडचे ८२० एकक-दशक जुळून दिसतात. दोन्हीकडे कोलन दिला तर मधोमध. खणात एंटर चालत नाही, तिथे बीआर टॅग, म्हणजे नवी ओळ पाडणारी <br> ही खूण.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. शीर्षकापेक्षा जास्त खण एखाद्या ओळीत झाले तर जादाचे गुपचूप गाळले जातात. पाण्याच्या शेवटच्या कॉलममध्ये मी "टाकं आहे | मे महिन्यात कोरडं" असं साध्या टेक्स्टमध्ये लिहिलं होतं, मजकुरातल्या त्या पाइपमुळे पुढचं गेलं, व्हिज्युअल मोडमध्ये उघडून सेव्ह केल्यावर कायमचंच गेलं. उरलं फक्त "टाकं आहे". मे महिन्यात कुणी त्यावर भरवसा ठेवून एकच बाटली घेऊन चढलं असतं तर? मजकुरात पाइप हवाच असेल तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्या. मी तर आता तिथे सरळ स्वल्पविराम देतो, आणि पाण्याचा कॉलम ओळीन् ओळ जुन्या एक्सेलशी ताडून बघतोय, अजून अकरा किल्ले राहिलेत.